फेज अँगल मोजायला शिकताय? आधी बटाटा, मग पेशंट

हल्ली बऱ्याच हॉस्पिटलच्या डाएट ओपीडीत, डायलिसिस युनिटमध्ये आणि जिममध्येपण बीआयए (बायोइलेक्ट्रिकल इम्पिडन्स अॅनालिसिस, म्हणजे अंगातून करंट सोडून मोजणारं) मशीन आलंय. नवीन जॉइन झालेल्यांना कोणीतरी घाईघाईत दाखवतं, इथे क्लिप लाव, इथे बटण दाब, प्रिंट काढ. प्रिंटवर फॅट टक्के, मसल किलो, पाणी लिटर आणि एका कोपऱ्यात फेज अँगल ५.४ असं काहीतरी येतं आणि पेशंटने विचारलं हे काय, तर उत्तर जातं "तुमच्या पेशींची तब्येत". हे उत्तर अर्धंच बरोबर आहे, आणि अर्ध्यावर थांबलं की त्यातून चुकीचे सल्ले निघतात, म्हणून सगळं क्रमाने लिहितेय. डायटिशियन, फिजिओचे स्टुडंट, नर्सिंग स्टाफ, ट्रेनर सगळ्यांना चालेल असं, गणिताची धास्ती असेल तरी वाचा कारण गणित एका भागाकाराचं आहे.

आधी मशीन नक्की काय मोजतं ते

मशीन फॅट मोजत नाही, मसल मोजत नाही, पेशी तर मोजतच नाही. ते हातापासून पायापर्यंत एक अगदी बारीक करंट सोडतं, एक मिलिअँपिअरपेक्षा कमी, बहुतेक मशीनमध्ये ५० किलोहर्ट्झ फ्रिक्वेन्सीला, म्हणजे सेकंदाला ५० हजार आवर्तनं, पेशंटला काहीही जाणवत नाही. मग दोनच गोष्टी बघतं, करंटला किती अडथळा झाला आणि व्होल्टेजच्या मानाने करंट किती पुढे सरकला (हा सरकण्याचा कोन म्हणजेच फेज अँगल). अडथळा म्हणजे रेझिस्टन्स, तो मुख्यतः शरीरातल्या खारट पाण्यातून येतो, पाणी जास्त तर रेझिस्टन्स कमी. करंट पुढे सरकण्यामागे असतो रिऍक्टन्स, आणि तो येतो पेशींच्या पडद्यांमुळे. पेशीच्या आत खारट पाणी, बाहेर खारट पाणी आणि मधे चरबीचा अतिशय पातळ पडदा जो करंट सरळ जाऊ देत नाही, म्हणजे झाला की कपॅसिटर, चार्ज साठवणारा इलेक्ट्रॉनिक्समधला भाग असतो तसा. शाबूत पडदे जितके जास्त तितका रिऍक्टन्स जास्त.

हे काही आजचं नाही. १९१० च्या सुमाराला जर्मनीत रुडॉल्फ हॉबर यांनी रक्तपेशींवर दाखवलं की कमी फ्रिक्वेन्सीला करंट पेशींना वळसा घालून जातो आणि खूप वाढवली की पेशींच्या आतूनपण जातो. १९२५ ला ह्यूगो फ्रिके यांनी लाल पेशींच्या पडद्याची कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) मोजली, चौरस सेंटीमीटरला ०.८१ मायक्रोफॅरड, आणि त्यावरून पडद्याची जाडी साधारण ३.३ नॅनोमीटर काढली. पेशीचा पडदा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली कोणी बघायच्या कितीतरी आधी, फक्त करंट लावून! मला ही गोष्ट दरवेळी सांगावीशी वाटते, कारण हे समजलं की मशीन म्हणजे जादू वाटत नाही आणि आपण प्रिंटवरच्या गोष्टींना प्रश्न विचारायला लागतो.

पहिली पायरी: बटाटा

थेट पेशंटवर जाऊ नका. कॉलेजच्या किंवा ओळखीच्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याकडून एलसीआर मीटर (रेझिस्टन्स, कपॅसिटन्स वगैरे मोजायचं यंत्र) मागून आणा, १ आणि १०० किलोहर्ट्झ दोन्ही असलेला, आणि एक कच्चा बटाटा घ्या. स्टीलच्या दोन सारख्या पिना दोन सेंटीमीटर अंतरावर सारख्याच खोल खुपसा आणि दोन्ही फ्रिक्वेन्सीला इम्पिडन्स (रेझिस्टन्स आणि रिऍक्टन्स मिळून एकूण अडथळा) आणि फेज अँगल लिहून घ्या. मीटर फेज मायनसमध्ये दाखवेल, कपॅसिटर आहे म्हणून, त्याने गोंधळू नका. १ किलोहर्ट्झच्या खाली जाऊ नका कारण तिथे पिनेच्या टोकाशी होणारी गडबडच जास्त मोजली जाते.

कच्च्या बटाट्यात १ किलोहर्ट्झचा आकडा १०० किलोहर्ट्झच्या आकड्यापेक्षा बराच मोठा येतो. आता त्याच लॉटमधला दुसरा बटाटा उकडा, पूर्ण गार होऊ द्या (गरम असताना मोजलं तर तापमानानेच आकडा पडतो आणि काही कळत नाही), त्याच अंतरावर त्याच खोलीवर पिना लावा. दोन्ही आकडे खाली येतात आणि जवळजवळ सारखे होतात, फेज तर नावापुरता उरतो. पडदे फुटले, कपॅसिटर गेला, उरलं फक्त खारट पाणी. फ्रीझरमध्ये रात्रभर ठेवून बाहेर काढून वितळवलेल्या बटाट्याचंपण तेच होतं, बर्फाच्या खड्यांनी पडदे फाटतात.

यात अख्खा विषय आला. जिवंत टिश्यूत कमी आणि जास्त फ्रिक्वेन्सीच्या आकड्यांत मोठा फरक असतो, मेलेल्यात फरक मिटतो. मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीनवर जो इम्पिडन्स रेशो दिसतो, म्हणजे जास्त फ्रिक्वेन्सीचा आकडा भागिले कमी फ्रिक्वेन्सीचा, तो १ च्या जितका जवळ सरकेल तितकी काळजी, हे पाठ न करता समजतं.

एक गोष्ट ठासून सांगते, तो एलसीआर मीटर किंवा घरी जोडलेलं कुठलंही सर्किट माणसाला लावायचं नाही. चार्जिंगला लावलेल्या लॅपटॉपला जोडलेलं तर अजिबातच नाही. मेडिकल मशीनमध्ये पेशंटला भिंतीतल्या वीजपुरवठ्यापासून वेगळं ठेवायची सोय असते, आपल्या जुगाडात ती नसते.

दुसरी पायरी: कोणाला मोजायचं नाही

पेसमेकर किंवा छातीत बसवलेला डिफिब्रिलेटर असेल तर नाही. विचारायचं, केसपेपर बघायचा आणि तरी परत विचारायचं, कारण वयस्कर लोक "छातीत मशीन बसवलंय" असं आपणहून सांगतीलच असं नाही. प्रेग्नन्सीत मशीन कंपन्या सहसा नकोच म्हणतात, तेच पाळा. इलेक्ट्रोडच्या जागी जखम किंवा फोड असेल तर त्या बाजूला नाही. गुडघ्यात किंवा खुब्यात धातू असेल तर दुसऱ्या बाजूने मोजा आणि तसं लिहून ठेवा. डायलिसिसवाल्यांमध्ये ज्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडून केलेली जागा) आहे तो हात सोडायचा.

तिसरी पायरी: पेशंटची तयारी, सगळी मेहनत इथेच आहे

मोजायला मिनिटसुद्धा लागत नाही, आणि खराब रीडिंग बहुतेक वेळा या मिनिटाच्या आधीच खराब झालेलं असतं. रात्रभर उपाशी असेल तर उत्तम, नाहीतर निदान चार तास काही खाल्लेलं नसावं. आदल्या दिवशी दारू नको, जोराचा व्यायाम नको. मोजायच्या आधी लघवीला जाऊन यायला सांगा. निर्जळी एकादशी, चतुर्थी, रोजे चालू असतील तर ते विचारून नोंदवा, कारण पाणी कमी पडलेलं शरीर वेगळा आकडा देतं आणि महिन्याने परत मोजताना तुम्हाला कारण आठवणार नाही. पाळीचा कितवा दिवस तेपण विचारा, संकोच करू नका.

मग आडवं झोपवा आणि दहा मिनिटं थांबा. हे लोक हमखास टाळतात, ओपीडीत गर्दी असते म्हणून, पण उभा माणूस आडवा झाला की पायातलं पाणी वर सरकायला लागतं आणि रेझिस्टन्स बदलत राहतो. पाच मिनिटं ठरवली तर दर वेळी पाचच, दहा तर दहाच, एकदा ठरलं की मोडायचं नाही.

त्वचा स्पिरिटने पुसा. आपल्याकडे हातापायाला खोबरेल तेल चोळून येणारे पेशंट खूप आणि तेलावर इलेक्ट्रोड चिकटला तरी कॉन्टॅक्ट नीट होत नाही, नीट दिसतो फक्त. बांगड्या, कडं, पैंजण, जोडवी, घड्याळ काढायला सांगा. काचेच्या बांगड्यांनी काही होत नाही, त्या वर सरकवून जागा मोकळी केली की पुरे. मंगळसूत्र काढायला कोणी तयार नसेल तर मी अडून बसत नाही, करंटचा मुख्य अडथळा हातापायातच असतो, फक्त नोंद ठेवते म्हणजे पुढच्या वेळीपण तसंच मोजता येतं.

हात धडापासून साधारण ३० अंश लांब, पाय एकमेकांपासून ४५ अंश. मांडीला मांडी लागायला नको आणि दंड धडाला चिकटायला नको, नाहीतर करंटला मधूनच शॉर्टकट मिळतो. जाड पेशंटमध्ये हे जमत नाही तेव्हा मधे कोरडी सुती चादर घडी करून घाला. आणि वॉर्डातल्या लोखंडी कॉटच्या दांडीला हात किंवा पाय टेकलेला नाही ना ते वाकून बघा.

चौथी पायरी: इलेक्ट्रोड

चार इलेक्ट्रोड, दोन हातावर दोन पायावर, एकाच बाजूला, सहसा उजव्या. हाताच्या मागच्या बाजूने बघा, मनगटाला करंगळीकडे एक हाड वर आलेलं दिसतं, त्याच्या रेषेत मनगटाच्या मधोमध एक इलेक्ट्रोड. दुसरा मधल्या बोटाच्या मोठ्या गाठीच्या जरा मागे. पायावर घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडांच्या मधोमध समोरून एक, आणि बोटांच्या मागे पावलावर दुसरा. बोटांकडचे दोन करंट सोडणारे, मनगट आणि घोट्यावरचे दोन व्होल्टेज मोजणारे. कुठला रंग कुठे ते आपल्या मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघून क्लिपवरच चिकटपट्टीने लिहून टाका.

दोन इलेक्ट्रोडमध्ये निदान ५ सेंटीमीटर अंतर पाहिजे. छोट्या चणीच्या बाईच्या हातावर एवढं अंतर मिळत नाही, तेव्हा मोजणारा इलेक्ट्रोड मनगटावर जिथल्या तिथेच ठेवा आणि बोटाकडचा पुढे न्या. मनगटावरचा एक सेंटीमीटर जरी सरकला तरी रेझिस्टन्स दोनेक टक्के हलतो, म्हणून तिथे अंदाजे लावू नका. पाकीट फोडून पडलेले वाळके इलेक्ट्रोड वापरू नका, रिऍक्टन्स लगेच बिघडतो. पैसे वाचवायला दोन वेळा वापरणं तर नकोच.

पाचवी पायरी: मोजा, पण आधी मशीनला मोजा

मशीनबरोबर एक टेस्ट रेझिस्टर येतो, बरेचदा ५०० ओहमचा. रोज सकाळी तो लावायचा, रेझिस्टन्स त्याच्यावर लिहिल्याएवढा आणि रिऍक्टन्स जवळजवळ शून्य आला पाहिजे. तो ड्रॉवरमध्ये तसाच पडून असतो बहुतेक ठिकाणी, शोधून काढा.

मग पेशंटची दोन-तीन रीडिंग लागोपाठ घ्या, तो न हलता न बोलता. रेझिस्टन्स काही ओहमच्या आत आणि रिऍक्टन्स एखाद्या ओहमच्या आत जुळला पाहिजे. मोठ्या माणसात हात ते पाय रेझिस्टन्स ढोबळमानाने ३५० ते ७५० ओहम आणि रिऍक्टन्स ३५ ते ८० ओहममध्ये बसतो. खूप बाहेर गेला तर पेशंटवर शंका घ्यायच्या आधी क्लिप, वायर, तेल, पोझिशन बघा.

आणि प्रिंटवर हे दोन आकडे नसतील तर सेटिंगमध्ये जाऊन शोधा, ते मिळाल्याशिवाय पुढे काही करू नका. घरातल्या वजनकाट्यासारख्या मशीनवर ते सहसा दिसत नाहीत, आणि ती पायातून पायात करंट सोडते म्हणजे वरच्या अंगाचं तिला काही कळत नाही.

सहावी पायरी: गणित

रिऍक्टन्स भागिले रेझिस्टन्स, त्याचा आर्कटॅन (कॅल्क्युलेटरवरचं tan⁻¹ बटण), संपलं. रेझिस्टन्स ५००, रिऍक्टन्स ५५, भागाकार ०.११, अँगल जवळपास ६.३ अंश. रेझिस्टन्स ६००, रिऍक्टन्स ४५, भागाकार ०.०७५, अँगल ४.३. मोबाईलचा कॅल्क्युलेटर डिग्रीवर आहे का बघा, एक्सेल रेडियनमध्ये उत्तर देतं तर ५७.३ ने गुणा. मशीनने छापलेला अँगल आणि तुमचा जुळायला पाहिजे.

आता एक छोटा हिशोब स्वतः करा. रेझिस्टन्स ५०० ठेवा आणि रिऍक्टन्स ५० वरून ५१ करा. अँगल ५.७१ वरून ५.८२ होतो. म्हणजे एका ओहमच्या फरकाने ०.१ अंश हलला, आणि एक ओहम तर नुसत्या इलेक्ट्रोडने हलतो. त्यामुळे पेशंटचा अँगल ५.३ चा ५.४ झाला म्हणून पेढे वाटायचे नाहीत आणि ५.२ झाला म्हणून प्रोटीन पावडर बदलायची नाही.

सातवी पायरी: आकड्याचा अर्थ

तब्येत ठीक असलेल्या मोठ्या माणसात ५ ते ७ अंशाच्या आसपास. पुरुषांत जास्त, बायकांत कमी, वयाबरोबर उतरत जातो, लहान मुलांचे आकडे वेगळे. कुपोषण, कॅन्सर, लिव्हर सिरॉसिस, डायलिसिस, एचआयव्ही अशा आजारांत कमी अँगल असलेल्यांचं पुढे जास्त बिघडतं हे पुष्कळ अभ्यासांत दिसलंय, एचआयव्हीमध्ये तर १९९५ पासून. त्यामुळे आकडा उपयोगाचा आहे यात मला शंका नाही.

पण तो पडतो कशाने? मसल कमी झाल्यावर पडतो. पडदे बिघडले तर पडतो. आणि पेशींच्या बाहेर पाणी साठलं, सूज आली, तरी पडतो. पेशी जशाच्या तशा आहेत, फक्त सलाईन चढवलं, तरी खाली जातो. म्हणून नुसत्या अँगलवरून "पेशी खराब" म्हणणं चूक. कालच्यापेक्षा आज अर्धा अंश कमी झाला तर ते जवळजवळ नक्की पाणी आहे किंवा मोजण्यातली चूक, एका दिवसात एवढे मसल कोणाचे जात नाहीत.

यासाठी दोन्ही आकडे एकत्र बघायची पद्धत आहे, १९९४ मध्ये इटलीतल्या पादुआच्या अँटोनियो पिकोली यांनी मांडलेली. रेझिस्टन्सला मीटरमधल्या उंचीने भागा, रिऍक्टन्सलापण, आणि ग्राफ पेपरवर आडव्या अक्षावर पहिला, उभ्यावर दुसरा असा बिंदू काढा. शून्यापासून त्या बिंदूपर्यंतची रेषा म्हणजे तुमचा पेशंट. उदाहरण घ्या, दोन बायका, दोघींची उंची १.६ मीटर. एकीचा रेझिस्टन्स ४००, रिऍक्टन्स ४०. दुसरीचा ६०० आणि ६०. दोघींचा अँगल अगदी सारखा, ५.७. पण पहिलीचा बिंदू येतो २५० आणि २५ वर, दुसरीचा ३७५ आणि ३७.५ वर. पहिलीची रेषा आखूड, तिच्या अंगात पाणी जास्त, पाय दाबून बघा खड्डा पडतो का. दुसरीची लांब, तिला तहान, जीभ, लघवी विचारा. नुसता अँगल लिहिला असता तर दोघी सारख्याच दिसल्या असत्या. मी नवीन लोकांना हा ग्राफ हाताने काढायला लावते, पहिले काही पेशंट तरी, सॉफ्टवेअर नंतर.

अजून एक, धडाचं वजन शरीराच्या जवळपास निम्मं, पण हात ते पाय रेझिस्टन्समध्ये त्याचा वाटा दहाएक टक्केच, कारण जाड भागातून करंट सहज जातो आणि खरा अडथळा बारीक हातापायात होतो. म्हणून पोटात जलोदराचं लिटर-लिटर पाणी असलं तरी मशीनला ते फारसं दिसत नाही. लिव्हरच्या पेशंटमध्ये हे विसरलात तर मोठी चूक होईल.

बाकीच्या प्रिंटचं काय

फॅट टक्के, मसल किलो वगैरे आकडे समीकरणांतून येतात आणि ती समीकरणं कुठल्यातरी देशातल्या लोकांवर बसवलेली असतात. आपलं शरीर त्यात बसेलच असं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे जॉन युडकिन यांचा २००४ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये आलेला फोटो या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, दोघांचा बीएमआय सारखाच २२.३, पण चरबी याज्ञिकांमध्ये २१.२ टक्के आणि युडकिन यांच्यात ९.१. बीएमआय तोच, आतलं शरीर वेगळं. फेज अँगलचा फायदा हाच की तो कुठल्याही समीकरणाशिवाय थेट मोजलेल्या आकड्यांतून येतो. तरी तुलनेसाठीचे तक्ते मात्र बरेचसे जर्मनी-अमेरिकेतले आहेत, तर तक्त्याशी तुलना सांभाळून करा, आणि पेशंटची त्याच्याच मागच्या आकड्याशी तुलना बिनधास्त करा.

"सेल्युलर एज ५८" असं छापून देणाऱ्या रिपोर्टबद्दल माझं मत स्पष्ट आहे, तो आकडा पेशंटला दाखवू नका. एका अँगलवरून वय काढता येत नाही. केमो चालू असलेल्या चाळिशीतल्या बाईला तुमच्या पेशी ५८ वर्षांच्या आहेत म्हणून सांगितलं तर ती रात्रभर झोपणार नाही, आणि सांगितलेलं खरंही नाही. तिला म्हणा, "ताई, या आकड्यावरून आपल्याला मसल आणि पाण्याचा अंदाज येतो, आज तो थोडा कमी आहे, आपण खाणं आणि हालचाल वाढवू आणि महिन्याने परत बघू." एवढं पुरतं.

आठवी पायरी: वही

प्रिंट कागद उडून जातात म्हणून प्रत्येक पेशंटचं एक पान करा. तारीख, वेळ, कुठली बाजू, झोपवून किती मिनिटं, शेवटचं खाणं-पाणी, सूज आहे का, ताप आहे का, डायलिसिसच्या आधी की नंतर, उंची, वजन, रेझिस्टन्स, रिऍक्टन्स, अँगल. खोलीत एसी किती गार होता तेसुद्धा, कारण त्वचा गार पडली की इम्पिडन्स वाढतो. पुढच्या वेळी तेच मशीन, तीच बाजू, तीच वेळ. मशीन बदललं तर जुने आकडे नव्याशी जोडू नका, नवीन पान सुरू करा. शेजारी हाताची पकड मोजलेली, दंडाचा घेर आणि महिन्याभरात वजन किती उतरलं हे लिहा, कारण अँगल कमी आणि पकडही कमी होत असेल तर खाण्याचं लगेच बघायला पाहिजे, आणि पकड तशीच असून फक्त अँगल पडला असेल तर मी आधी पाय दाबून सूज बघते, मग डॉक्टरांना फोन करून विचारते की सलाईन किती गेलंय.